पायलट सिपिओच्या हाती

अमेरिकेतल्या सव्हाना शहराच्या सकाळच्या पेपरात पहिल्याच पानावर हॉलिस ट्रेडवेलचा हसरा चेहरा दिसला आणि व्हर्नेल मंगिनचा घास हातातच राहिला. त्याच्या शेजारी टपालाच्या एका पिवळ्या पडलेल्या पाकिटाचा हा एवढा मोठा फोटो. वर मथळा: 'विसरल्या गेलेल्या काळ्या नावाड्याला अखेर मान'.

"मेला नाही वाटतं अजून हा!" ती म्हणाली.

समोर तिची आई, मिस इओला, ग्रिट्समध्ये, मक्याच्या कण्यांत, लोणी कालवत होती. नव्वदीला टेकलेली बाई, पण रविवारची टोपी अजून स्वतःच्या हातानं ठाकठीक करायची. "कोण गं?"

"तुझा कॅप्टन ट्रेडवेल. आणि हे बघ, डॅडींचं पाकीट."

कॅप्टन म्हणे! जन्मात कधी जहाजावर पाऊल ठेवलं नाही त्यानं. जुन्या यादवी युद्धातल्या बंडखोर दक्षिणेच्या आरमाराचं टपाल जमवतो म्हणून मित्रांनी चेष्टेत कॅप्टन म्हटलं आणि या गृहस्थानं ते चक्क पाटीवर लिहून घेतलं. मिस इओलानं चष्मा लावला, फोटो पाहिला, पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"जाऊ दे व्हर्नेल. देव बघून घेईल."

"देवाला वेळ नाहीये, आई. हा नव्वदीला आलाय."

"आणि पाकिटावरची ती ओळ लिहिलीही असेल गं तुझ्या बापानं," मिस इओला चमचा ढवळत म्हणाली. "आपल्या माणसाचं नाव कुठंतरी असावं म्हणून माणूस काय काय करतो. मी कधीच माफ केलंय त्याला."

व्हर्नेलच्या अंगाचा तिळपापड झाला. ट्रेडवेलनं बापाला खोटारडा ठरवलं, ते एक वेळ समजलं. पण आईनं त्याला माफ करावं? न केलेल्या गुन्ह्याची माफी! तिनं ताटली उचलून सिंकमध्ये आदळली. त्या ट्रेडवेलच्याच तोंडून आईला खरं ऐकवायचं, नाहीतर नावाची मंगिन नाही, असं तिनं त्या क्षणी ठरवलं.

तिचे वडील, डॉक्टर लेमुएल मंगिन, दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि रविवारी चर्च आटोपलं, लाल भात नि तळलेला मासा पोटात गेला, की जेवणाच्या टेबलावर बंडखोरांच्या आरमाराची पाकिटं मांडून बसायचं. काळ्या माणसाला हा कसला छंद? शेजारीपाजारी तोंडावर विचारत, "डॉक्टर, आपल्या पणज्यांना बाजारात विकलं त्या लोकांची पत्रं हो कसली जमवता?"

"पत्रं त्यांची," डॉक्टर म्हणत, "पण नेली कोणी?"

एकेका अधिकाऱ्याची त्यांना अशी माहिती होती की घरचीच माणसं. कोण कुठला, कोण पिवळ्या तापानं गेला, कोण लढाई संपल्यावर विमे विकत फिरला. ओहूपी नावाच्या चिलखती बोटीवर तर त्यांचा फार जीव. त्या बोटीवर लूशियस पिंकस्टन नावाचा मिसरूड फुटलेला मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी होता. तो ऑगस्टा गावी आईला पत्रं लिहायचा, आणि पत्रांत लढाईपेक्षा डास आणि शेंगांच्या आमटीची रड जास्त. डॉक्टर हसून म्हणायचे, "हा आमच्या सिपिओचा साहेब. याला वाळूत रुतू न देता आणायचा आमचा सिपिओ, आणि हा रडतोय आमटीसाठी!"

सिपिओ हा त्यांचा खापरपणजोबा. भातशेतीच्या मालकाचा गुलाम, पण नदीचं पाणी कुठं उथळ नि कुठं खोल ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही, म्हणून मालकानं त्याला आरमाराकडे भाड्यानं दिलेला. बोटीचा पायलट, म्हणजे पाण्यातली वाट दाखवणारा नावाडी. टपालाची थैली घेऊन गावात यायचा तोच. एक दिवस थैली किनाऱ्यावर पोचवून तो होडीनं जो निघाला तो थेट गुलामीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या जहाजांकडे. ही गोष्ट मंगिनांच्या घरात पोरंबाळं झोपवताना सांगितली जायची. कागदावर मात्र सिपिओचं नाव कुठंच नव्हतं. मालकाच्या यादीतसुद्धा नुसतं वय लिहिलेलं.

आणि मग ऑगस्टाच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात डॉक्टरांना पिंकस्टनचं एक पाकीट मिळालं. पत्ता पिंकस्टनच्या हातचा. डाव्या कोपऱ्यात, खाली, वेगळ्या शाईत, बोटीच्या खजिनदाराच्या अक्षरात एक ओळ: 'पायलट सिपिओच्या हाती'. सिपिओतल्या पहिल्या अक्षराचं, इंग्रजी 'एस'चं, शेपूट ऐटीत मागं वळवलेलं. डॉक्टर दुकानात मटकन खाली बसले. दुकानदाराला वाटलं, झटका आला.

आनंदानं वेडा झालेला माणूस चुका करतो. डॉक्टरांनी ते पाकीट शहाण्यासारखं घरात ठेवायचं, तर ते पारखून घ्यायला शहरातल्या संग्राहक मंडळाकडे नेलं. मंडळाच्या परीक्षक समितीचा प्रमुख कोण? हॉलिस ट्रेडवेल. डॉक्टर सोडून मंडळात सगळे गोरे. ट्रेडवेलनं भिंगातून पाहिलं, ओठ मुडपले आणि सही ठोकून दाखला दिला. पाकीट खरं, पण सिपिओची ओळ अलीकडे कोणीतरी घुसडलेली. कोणीतरी म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं. दंतवैद्याचा हात बारीक कामात तयार असतो ना! पुढच्या बैठकीत एकानं सगळ्यांसमोर तोंड वासून दाखवलं, "डॉक्टर, माझ्या दाढेत सिमेंट तुम्हीच भरलंत. तेही असंच, ओळखू येत नाही बघा!" सगळी खोली खिदळली.

मंडळाचा एक रिवाज होता. खोटा ठरलेला माल बाजारात परत जाऊन कोणाला फसवू नये म्हणून मालकानं तो मंडळाच्या 'खोट्यांच्या कपाटात' जमा करायचा. सभ्य माणसं तो पाळत. डॉक्टर तर सभ्यपणाला नको इतके जपणारे. त्यांनी पाकीट आपल्या हातानं त्या कपाटात ठेवलं.

त्याच आठवड्यात जेवताना मिस इओलानं विचारलं, "लेम, खरं सांग. तू लिहिलंस का रे ते?"

डॉक्टरांनी काटा खाली ठेवला. बायकोकडे बघत राहिले. उत्तर दिलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही. पाकिटांचे खोके माळ्यावर गेले. चार वर्षांनी डॉक्टर गेले, आणि मिस इओलानं त्या गप्प बसण्याचा अर्थ कबुली असा लावला. व्हर्नेल तेव्हा तरणीताठी होती आणि तिला अर्थ वेगळा कळला होता. ज्या बायकोनं हा प्रश्न विचारला तिला काय म्हणून उत्तर द्यायचं?

मंडळ पुढं मोडलं. कपाट गेलं ट्रेडवेलच्या घरी. आणि आता काळ्या नावाड्यांचं कौतुक करायची हवा आली, तसं कपाटातलं खोटं पाकीट एकाएकी खरं झालं. कुठल्या तरी लांबच्या राज्यातून नवा दाखला आणवला आणि कॅप्टनसाहेब पेपरात झळकले. काय म्हणावं या निर्लज्जपणाला!

शुक्रवारी व्हर्नेल एकटीच, पेपरात छापलं होतं त्या टपालाच्या प्रदर्शनाला गेली. नदीकाठच्या हॉटेलचं मोठं दालन, काचेच्या चौकटींच्या रांगा. ट्रेडवेलच्या चौकटींभोवती ही गर्दी. व्हर्नेल उभी हयात कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार जे बोलेल ते शब्दन् शब्द टिपायचं, हा धंदा. तिनं इथंही प्रत्येक चिठ्ठी सावकाश वाचली. डॅडींचं पाकीट मधोमध होतं. त्याच्या अंगाला अंग लावून दुसरं एक पाकीट, ओहूपीच्याच एका इंजिनियरनं धाडलेलं, आणि त्याच्याही कोपऱ्यात तीच ओळ. तोच खजिनदार, तेच मागं वळलेलं शेपूट. ही जोडी एकमेकांची साक्ष देते, असं खाली लिहिलं होतं.

आणि दुसऱ्या पाकिटाखाली छोट्या तिरप्या अक्षरांत: 'संग्राहकाकडे १९८४ पासून'.

व्हर्नेलनं ते पुन्हा वाचलं. डॅडींना दाखला दिला १९८७ साली. तो दाखला तिच्या पर्समध्ये होता, तारीख तिला तोंडपाठ होती. म्हणजे ज्या दिवशी या माणसानं डॅडींच्या ओळीला खोटं म्हटलं, त्या दिवशी तिचं जुळं भावंड याच्या स्वतःच्या खणात पडलेलं होतं! चूक नव्हती ती. भुरटेगिरी होती. पाकीट हवं होतं याला, म्हणून माणूस बुडवला.

आता असलं साल कोणी शहाणा चोर लिहून ठेवेल का? पण संग्राहकाची जातच ही. वस्तू किती वर्षांपासून आपल्याकडे आहे हे मिरवल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. बायकोच्या वाढदिवसाची तारीख विसरेल, पाकीट कधी घेतलं ते विसरणार नाही.

तिथंच बोंब मारावी असं तिला वाटलं, पण कोर्टानं तिला एक शिकवलं होतं. छापलेल्या सालाला माणूस 'छापणाऱ्याची चूक' म्हणू शकतो. चार लोकांत स्वतःच्या तोंडानं बोललेलं मात्र गिळता येत नाही. शनिवारी दुपारी संग्राहक आपापल्या चौकटीपाशी उभे राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणार होते, पदकं ठरवणाऱ्या परीक्षकांच्या देखत. ती घरी आली ती शीळ घालत.

"उद्या टोपी घाल, आई. बाहेर जायचंय."

"कुठं?"

"डॅडींचं पाकीट बघायला."

"भांडायला चाललीस तू. मला कळत नाही होय?"

"प्रश्न विचारायला चाललेय. शपथ."

शनिवारी तिनं मिस इओलाला चौकटीसमोरच्या खुर्चीवर बसवलं. जांभळी टोपी, हातमोजे, मांडीवर पर्स. ट्रेडवेल काठी टेकून उभा होता, फिक्कट निळा सूट, बो-टाय. शेजारी दोन परीक्षक. बोलत होता मात्र ठणठणीत.

"आणि हा सिपिओ, बंधुभगिनींनो, गुलाम असूनही बोटीवर त्याला मान होता! खजिनदार त्याचं नाव लिहितो, यातच सगळं आलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्नेलनं हात वर केला.

"मला एक सांगायचं होतं, साहेब. हे पाकीट खोटं आहे."

ट्रेडवेल गोड हसला. "असं का वाटतं तुम्हाला, मॅम?"

"वाटत नाही, माहीत आहे. ही ओळ माझ्या वडिलांनी लिहिलीये. दातांचे डॉक्टर होते ते. लेमुएल मंगिन."

मागं मिस इओलाची खुर्ची करकरलेली तिला ऐकू आली. तिनं वळून पाहिलं नाही. ट्रेडवेलच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पण गाल पडले.

"मंगिन," तो म्हणाला. "हो, हो. भले गृहस्थ होते."

"भले कसले? लबाड होते. तुम्हीच सही करून दिलीये." तिनं दाखला काढून परीक्षकांच्या हातात ठेवला. "वाचा ना मोठ्यानं."

धाकट्या परीक्षकानं वाचला. ओळ अलीकडे घुसडलेली. खाली सही हॉलिस ट्रेडवेल. दोन्ही परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. खोट्याचा दाखला लपवून वस्तू मांडली, तर पदक तर सोडाच, पुन्हा कुठल्या प्रदर्शनात उभं करत नाहीत.

"कॅप्टन," थोरला परीक्षक म्हणाला, "हे तुम्ही कळवलं नव्हतंत."

"कारण ते चुकीचं होतं!" ट्रेडवेल म्हणाला. "शास्त्र पुढं जातं, साहेब. तेव्हा आमच्याकडे साधनं नव्हती. प्रामाणिक चूक. आज मी छातीठोकपणे सांगतो, ही ओळ खरी आहे."

"कशी बुवा?" व्हर्नेल म्हणाली. "माझे वडील फार हुशार होते हो. तासन् तास बसायचे. कोणाचंही अक्षर काढायचे."

"हे अक्षर नाही काढता येत, बाई! हे शेपूट बघा. आणि इकडे या, हे दुसरं बघा. तोच हात, तीच शाई."

"मग तेही त्यांनीच लिहिलं असेल."

"काय?"

"दुसरं पाकीट. दोन्ही खोटी. एकाला जोड म्हणून दुसरं केलं असेल. तुम्हाला फसवलं त्यांनी, कॅप्टन. एका काळ्या दंतवैद्यानं तुम्हाला दोनदा टोपी घातली!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. ट्रेडवेलच्या मानेवर लाली चढली. आयुष्यभर सगळ्या दक्षिणेत ज्याच्या नजरेची तारीफ झाली, त्या माणसाला फसवलं म्हणायचं? तेही या बाईनं, या लोकांसमोर? त्यानं काठी आपटली.

"मूर्खासारखं बोलू नका! ते पाकीट तुमच्या बापाच्या बापानंसुद्धा पाहिलेलं नाही. चार्ल्सटनच्या एका विधवेकडून मी स्वतः आणलं, चौऱ्याऐंशी साली. तेव्हापासून माझ्या तिजोरीत आहे. माझ्याशिवाय कोणाच्या दृष्टीला पडलेलं नाही!"

"चौऱ्याऐंशी? नक्की? वय झालंय तुमचं, विसरला असाल."

"मी विसरत नाही! चौऱ्याऐंशी, एप्रिल. घरी आल्या आल्या भिंगाखाली धरलं. त्या अक्षराचं ते शेपूट मी झोपेतसुद्धा ओळखेन!"

"आणि डॅडींचं पाकीट तुमच्यासमोर आलं," व्हर्नेल शांतपणे म्हणाली, "सत्त्याऐंशी साली. तेव्हा नाही ओळखलंत ते शेपूट?"

धाकट्या परीक्षकानं हातातल्या दाखल्यावरची तारीख बघितली. मग काचेतली चिठ्ठी बघितली. मग ट्रेडवेलकडे बघितलं. ट्रेडवेल तरी काय करणार? ओळ खोटी म्हणावी, तर त्याच्या संग्रहाचा मुकुटमणी मातीमोल. खरी म्हणावी, तर ती खरी आहे हे त्याला त्या दिवसापासून ठाऊक होतं, हे कबूल करणं आलं. पायाखालची वाळू सरकली त्याच्या. व्हर्नेलला हे बघून इतकं बरं वाटलं की तिला स्वतःची भीती वाटली, पण ती थांबली नाही.

"बोला ना. खरी की खोटी?"

"आपण बाजूला जाऊन बोलू या," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मिस मंगिन, हे पाकीट तुम्ही घेऊन जा. आत्ता. माझी काही तक्रार नाही. घराण्याची वस्तू घराण्यात."

"पाकीट मला नंतर मिळेलच. खरी की खोटी?"

"खरी."

"कोणी लिहिली?"

"खजिनदारानं."

"माझ्या वडिलांनी?"

"नाही."

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. ज्यांनी आत्ता टाळ्या वाजवल्या, ते सगळे त्याच्याकडे बघत होते. एकानं हातातलं माहितीपत्रक शेजारच्या टेबलावर ठेवून दिलं. थोरल्या परीक्षकानं आपली वही मिटली आणि पेन खिशाला लावलं.

"पहिल्यापासून," ट्रेडवेल म्हणाला. ओठांतल्या ओठांत. "डॉक्टर मंगिननी काही खोटं केलं नव्हतं. खोटं मी लिहिलं. मला ते पाकीट हवं होतं."

व्हर्नेलला आता वळायचं होतं, आईकडे बघायचं होतं, आणि तेवढं धैर्य तिच्यात नव्हतं. सगळी दुपार जिच्यासाठी मांडली तिच्या चेहऱ्यावर काय असेल? इतकी वर्षं ज्याला माफ केलं त्याला माफीची गरजच नव्हती, हे कळल्यावर बाईचं काय होतं? कोर्टात तिनं खूप बघितलं होतं, हे कधी बघितलं नव्हतं. तिनं ट्रेडवेलवरची नजर काढली नाही.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "त्यांची बायको मागं बसलीये. तिला ऐकू गेलं नसेल."

ट्रेडवेलनं काठीवरचा हात बदलला. त्याचे डोळे भरले होते. "मिस मंगिन, मी म्हातारा माणूस आहे. सांगितलं ना मी. पुरे की आता."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मिस इओला उठून पुढं आली, सावकाश, कोणाचा हात न धरता. तिनं काचेशी वाकून ती ओळ बघितली. काचेवर हातमोजा टेकवला. मग ट्रेडवेलसमोर आली आणि त्याच्या तोंडाकडे बघत मुलीला म्हणाली,

"ऐकू आलं मला. पहिल्याच वेळी आलं. पण म्हणू दे त्याला पुन्हा."